लांब इंग्रजी नामांची घडण : अवयव, आघात आणि शब्दसिद्धी

इंग्रजीच्या पुस्तकात पाच-सहा अक्षरांचा शब्द आला की मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी तो वाचून पुढे जातो. चौदा-पंधरा अक्षरांचा शब्द आला की मात्र तो थबकतो. वर्गात मोठ्याने वाचायची वेळ असेल तर त्याचा आवाज खाली जातो, शब्दाचा शेवट तो गिळून टाकतो आणि पुढच्या ओळीवर उडी मारतो. पुढे मुलाखतीत किंवा सभेत हीच अडचण त्याला गाठते. विषय पक्का ठाऊक असतो, वाक्यही मनात तयार असते; परंतु त्या वाक्यातील एक लांब नाम तोंडातून नीट निघेल याची खात्री नसते, म्हणून तो बोलतच नाही. ज्या घरांत इंग्रजी पहिल्यांदाच आले, तेथील मुलांचे यामुळे होणारे नुकसान मोठे आहे. कारण ज्ञान असूनही ते उघड होत नाही.

या भीतीवर पाठांतर हा उपाय नाही. लांब इंग्रजी नाम हे अखंड दगडासारखे नसते. ते विटा रचून बांधलेले असते. त्या विटा थोड्या आहेत आणि त्याच पुनःपुन्हा वापरल्या जातात. शब्दाचा शेवटचा तुकडा ओळखला की जोर कोठे द्यायचा हेही बहुतेक वेळा समजते. अवयव मोजणे, आघाताची जागा ओळखणे आणि शब्द कसा घडला हे पाहणे या तीन गोष्टी साधल्या, तर न पाहिलेला शब्दही उच्चारता येतो. या लेखात त्यांचा क्रमाने विचार करू.

१. अवयव : शब्दाचे ठोके

शब्द उच्चारताना एका स्वराभोवती जेवढा ध्वनिसमूह एका दमात येतो, त्याला इंग्रजीत सिलेबल म्हणतात. येथे आपण त्याला अवयव म्हणू. जितके स्वर ऐकू येतात तितके अवयव, हा साधा हिशेब आहे. मात्र येथे मोजायचा तो कानाला ऐकू येणारा स्वर, कागदावर लिहिलेला नव्हे.

हा भेद मराठी माणसाला नवा नाही. 'कमळ' हा शब्द लिहिताना तीन अक्षरांचा आहे, पण बोलताना आपण 'क-मळ' असे दोनच ठोके देतो. 'घर' लिहिण्यात दोन अक्षरे, बोलण्यात एकच ठोका. वृत्तात बसवलेली कविता म्हणताना मात्र तीच अक्षरे आपण सुटी मोजतो. लेखन आणि उच्चार यांचा हिशेब वेगळा असू शकतो, हे आपण मातृभाषेत न शिकताच जाणतो.

इंग्रजीत हे अंतर अधिक आहे. 'स्ट्रेंग्थ्स' म्हणजे शक्तिस्थाने, या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरे आहेत. पण स्वर एकच, म्हणून अवयव एकच. उलट 'एरिया' हा अवघ्या चार अक्षरांचा शब्द 'ए-रि-या' असा तीन अवयवांचा आहे. म्हणून लांब दिसणारा शब्द बोलण्यास लांब असतोच असे नाही, आणि आखूड दिसणारा आखूड असतोच असेही नाही.

अवयव मोजण्याची सोपी युक्ती आहे. हनुवटीखाली तळहात धरावा आणि शब्द सावकाश म्हणावा. हनुवटी जितक्या वेळा खाली येते, साधारणपणे तितके अवयव असतात. किंवा प्रत्येक अवयवाला एक टाळी द्यावी. 'कॉन्स्टिट्यूशन' म्हणजे संविधान. कॉन-स्टि-ट्यू-शन, चार टाळ्या. 'रिस्पॉन्सिबिलिटी' म्हणजे जबाबदारी; रि-स्पॉन-सि-बि-लि-टी, सहा टाळ्या.

२. आघात : एका अवयवाचा मान

मराठी बोलताना आपण शब्दातील ठोक्यांना जवळपास सारखे वजन देतो. जोराची जागा हलली म्हणून मराठी शब्दाचा अर्थ पालटत नाही. इंग्रजीचे तसे नाही. तेथे एकाहून अधिक अवयवांच्या शब्दात एका अवयवाला मुख्य मान मिळतो. तो थोडा लांबतो, थोडा उंच स्वरात येतो आणि त्याचा स्वर स्वच्छ ऐकू येतो. यालाच आघात म्हणतात. या लेखात आघाताचा अवयव अवतरणचिन्हांत दाखवला आहे.

आघाताची जागा बदलली तर कधी शब्दाचे व्याकरणच बदलते. 'रे'-कॉर्ड हे नाम आहे, त्याचा अर्थ नोंद. रि-'कॉर्ड' हे क्रियापद आहे, त्याचा अर्थ नोंद करणे. 'प्रे'-झंट म्हणजे भेटवस्तू. प्रि-'झेंट' म्हणजे सादर करणे. स्पेलिंग तेच, पण आघात पहिल्यावर असेल तर नाम आणि दुसऱ्यावर असेल तर क्रियापद. अशा बऱ्याच जोड्या इंग्रजीत आहेत.

आघाताची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्या अवयवांवर आघात नाही, त्यांचे स्वर इंग्रजीत पुसट होतात. स्पेलिंगमध्ये ए असो, ई असो वा ओ असो, उच्चार बहुधा आखूड, अस्पष्ट 'अ'सारखा होतो. भाषाशास्त्रात या स्वराला श्वा म्हणतात. 'फोटोग्राफ' या शब्दाचे कुटुंब पाहा : 'फो'-ट-ग्राफ, फ-'टॉ'-ग्र-फर, फ-'टॉ'-ग्र-फी, फो-ट-'ग्रॅ'-फिक. मूळ एकच आहे. परंतु आघात सरकला की ज्या स्वरावर तो येतो तो उजळतो आणि ज्याच्यावरून जातो तो मंदावतो. आपण 'फो-टो-ग्रा-फी' असे चारही ठोके सारखे वाजवतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा कान आघात शोधत राहतो आणि तो न सापडल्याने शब्दच निसटतो.

फार लांब शब्दांत मुख्य आघाताच्या आधी एक दुय्यम आघातही असतो. रि-स्पॉन-सि-'बि'-लि-टी या शब्दात मुख्य आघात 'बि'वर आहे, तर 'स्पॉन'वर हलका ठोका पडतो. त्यामुळे शब्दाला चाल येते. ढोलकीच्या ठेक्यात एक भरीव थाप आणि एक हलकी थाप असते, तसेच हे आहे.

३. शब्दसिद्धी : एका शब्दाची उकल

आता शब्द कसा बांधला जातो ते पाहू. त्यासाठी भारतीय संविधानातील एक शब्द घेऊ. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरवले. इंग्रजी पाठात तेथे 'अनटचेबिलिटी' हा शब्द आहे. त्याच्या स्पेलिंगमध्ये चौदा अक्षरे आहेत. पाहताक्षणी तो अवघड वाटतो. पण त्याचे तुकडे मराठी शब्दाशेजारी ठेवून पाहा.

मराठीत : अ + स्पृश् + य + ता.
इंग्रजीत : अन + टच + एबल + इटी.

'अ' आणि 'अन' दोन्ही नकार दाखवतात. 'स्पृश्' आणि 'टच' या दोहोंचा अर्थ शिवणे. 'य' आणि 'एबल' म्हणजे तसे करण्याजोगा. 'ता' आणि 'इटी' ही भाववाचक नामाची खूण. चारही तुकडे अर्थाने जुळतात आणि त्यांचा क्रमही तोच आहे. ज्याला 'अस्पृश्यता' या शब्दाची फोड करता येते, त्याला इंग्रजी शब्दाची फोड आधीच येत असते. फक्त त्याला तसे कोणी सांगितलेले नसते.

आता उच्चार पाहू. 'टच' हा एक अवयव. 'टच-अ-बल' मध्ये तीन अवयव, आघात 'टच'वर. अन-'टच'-अ-बल मध्ये चार अवयव, आघात तेथेच. परंतु 'इटी' लागताच आघात आपली जागा सोडतो : अन-टच-अ-'बि'-लि-टी. सहा अवयव, मुख्य आघात 'बि'वर, आणि 'टच'वर जुन्या आघाताची हलकी खूण. शेवटी लागलेल्या प्रत्ययाने आघात स्वतःकडे ओढून घेतला. हे असे का होते, ते पुढील भागात येते.

४. प्रत्ययांची तीन घराणी

शालेय मराठी व्याकरणात आपण 'इक' प्रत्यय शिकतो. समाज – सामाजिक, इतिहास – ऐतिहासिक, दिन – दैनिक. हा प्रत्यय मूळ शब्दाच्या पहिल्या स्वराला बहुधा बदलतो. याउलट 'ता' लावला तर मूळ शब्द जसाच्या तसा राहतो : सम – समता, बंधू – बंधुता, समान – समानता. म्हणजे काही प्रत्यय शब्दाच्या अंगात शिरतात आणि काही बाहेरून चिकटतात. इंग्रजीतही हाच भेद आहे आणि आघाताची गुरुकिल्ली त्यातच आहे.

पहिले घराणे आघात हलवणाऱ्या प्रत्ययांचे. हे बहुतेक लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंच वळणाचे प्रत्यय आहेत.

'शन' या उच्चाराने संपणाऱ्या नामांत आघात त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर, म्हणजे शेवटून दुसऱ्या अवयवावर येतो : ए-ज्यु-'के'-शन, कॉन-स्टि-'ट्यू'-शन, रे-प्रि-झेन-'टे'-शन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिलेले, पण तेथे होऊ न शकलेले भाषण 'अनायहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने प्रसिद्ध झाले. या शीर्षकातील पहिला शब्द अनेकांना अडखळवतो. त्याचे अवयव पाच : अ-नाय-अ-'ले'-शन. मधला 'ह' बहुधा ऐकू येत नाही. शब्दाच्या पोटात 'काहीही नाही' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणून अर्थ झाला, काहीही उरू न देणे, उच्छेद.

'इटी'ने संपणाऱ्या नामांत आघात 'इटी'च्या लगेच आधी, म्हणजे शेवटून तिसऱ्या अवयवावर येतो. संविधानाच्या उद्देशिकेत अशी नामे सहज सापडतात : इ-'क्वॉ'-लि-टी म्हणजे समानता, फ्र-'टर'-नि-टी म्हणजे बंधुता, 'डिग'-नि-टी म्हणजे प्रतिष्ठा, 'यू'-नि-टी म्हणजे एकता, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेले इन-'टे'-ग्रि-टी म्हणजे एकात्मता. पाच शब्द, नियम एक. 'समान' या अर्थाचे विशेषण 'ई'-क्वल असे पहिल्या अवयवावर आघात घेते. 'इटी' लागताच आघात दुसऱ्यावर जातो. बंधुतावाचक शब्दाच्या मुळाशी 'भाऊ' या अर्थाचा लॅटिन शब्द 'फ्रातेर' आहे आणि तो आपल्या संस्कृत 'भ्रातृ' शब्दाचा नातलग आहे.

'क्रसी', 'लजी', 'ग्रफी' या शेवटांचीही रीत हीच, शेवटून तिसरा अवयव : डि-'मॉ'-क्र-सी, साय-'कॉ'-ल-जी, जि-'ऑ'-ग्र-फी. 'इक' या इंग्रजी प्रत्ययाने मात्र आघात त्याच्या लगेच आधी येतो : डे-म-'क्रॅ'-टिक. म्हणून लोकशाहीवादी माणूस 'डे'-म-क्रॅट, लोकशाही डि-'मॉ'-क्र-सी आणि लोकशाहीचे विशेषण डे-म-'क्रॅ'-टिक. तीन शब्दांत आघात तीन वेगळ्या जागी आहे. पण तो स्वैर नाही, प्रत्ययाच्या आज्ञेत आहे.

आघात हलवणारे प्रत्यय कधी मूळ स्वरही बदलतात : 'ने'-शन पासून 'नॅ'-श-नल, 'सेन' पासून 'सॅ'-नि-टी. आपल्या 'सामाजिक'मध्ये स्वर वाढतो, तेथे तो बहुधा आखडतो. पण प्रत्यय मुळापर्यंत पोहोचतो ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

दुसरे घराणे तटस्थ प्रत्ययांचे. 'नेस', 'हुड', 'शिप' हे मूळचे इंग्रजी प्रत्यय आणि फ्रेंचमधून आलेला 'मेंट' हे बाहेरून चिकटतात. आघात आहे तेथेच राहतो. 'सि'-टि-झन म्हणजे नागरिक, 'सि'-टि-झन-शिप म्हणजे नागरिकत्व. 'हॅ'-पी, 'हॅ'-पि-नेस. डि-'व्हे'-लप, डि-'व्हे'-लप-मंट. हा शेवटचा शब्द आपण रोज 'डेव्हलपमेंट' असा म्हणतो आणि पहिल्या व शेवटच्या ठोक्यावर वजन देतो. मूळ क्रियापदाचा आघात आठवला तर नामाचा आघात चुकत नाही. 'ज्ञानप्राप्ती' या अर्थाचा इन-'लाय'-टन-मंट हा शब्दही असाच. एन + लाइट + एन + मेंट अशी त्याची फोड आहे. मध्यभागी 'लाइट', म्हणजे प्रकाश, आणि आघातही नेमका तेथेच.

तिसरे घराणे आघात स्वतःवर घेणाऱ्या प्रत्ययांचे : एन-जि-'निअर', व्हॉ-लन-'टिअर', ट्रे-'नी', रे-फ्यु-'जी'. शेवटी 'इअर' किंवा 'ई' असा प्रत्यय आला की जोर बहुधा त्याच्यावरच पडतो. स्मरणिकेला इंग्रजीत जो शब्द आहे, सू-व्ह-'निअर', त्यातला शेवट हा प्रत्यय नाही. पण स्मरण या अर्थाच्या त्या फ्रेंच शब्दाने आघात शेवटीच ठेवला आहे.

अपवाद सर्वच घराण्यांत आहेत. 'टे'-लि-व्हि-जन मध्ये आघात पहिल्या अवयवावर आहे. 'पॉ'-लि-टिक्स आणि अ-'रिथ'-म-टिक ही नामे 'इक'चा नियम पाळत नाहीत. क-'मि'-टी मध्ये शेवटचा 'ई' आघात घेत नाही. जाहिरात या अर्थाचा शब्द ब्रिटनमध्ये अड-'व्हर'-टिस-मंट असा, तर अमेरिकेत बहुधा अॅड-व्हर-'टाइझ'-मंट असा उच्चारतात. अपवाद थोडे आहेत; ते शब्द भेटतील तसे लक्षात ठेवावेत.

५. जोडनामे आणि अतिलांब शब्द

दोन शब्द जोडून झालेल्या नामांत आघात सहसा पहिल्या शब्दावर असतो. 'ब्लॅक'-बोर्ड म्हणजे वर्गातील फळा. मग तो हिरवा असला तरी चालतो. पण दोन्ही शब्द सुटे ठेवून जोर 'बोर्ड'वर दिला, तर अर्थ होतो काळ्या रंगाची कोणतीही फळी. आपल्या सामासिक शब्दाप्रमाणेच जोडनामाला स्वतःचा एक अर्थ असतो, आणि तो अर्थ आघात सांगतो.

अतिलांब शब्दांचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम'. त्याच्या स्पेलिंगमध्ये अठ्ठावीस अक्षरे आहेत. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये, चर्चला असलेली राजमान्यता काढून घेऊ नये असे म्हणणाऱ्यांच्या भूमिकेला हा शब्द लागू होतो. त्याच्या गाभ्यात 'एस्टॅब्लिश', म्हणजे स्थापन करणे, हे साधे क्रियापद आहे. 'मेंट'ने त्याचे नाम झाले, 'डिस'ने अर्थ उलटला, 'अँटि'ने त्या उलटण्याला विरोध आला, 'एरिअन'ने तसे मानणारा माणूस आला आणि 'इझम'ने त्याचे मत आले. कांद्याचे पापुद्रे काढावेत तसा हा शब्द उलगडतो. असा शब्द उलगडता आला की 'युनिव्हर्सिटी' किंवा 'एक्झामिनेशन'ला भिण्याचे कारण उरत नाही.

६. उच्चार आणि सन्मान

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इंग्रजी बोलताना मराठीची धाटणी जाणवली, तर त्यात कमीपणा काहीही नाही. जगात इंग्रजी अनेक ढंगांनी बोलली जाते आणि आपला ढंग त्यांपैकी एक आहे. कोणाच्या तरी नाकातल्या स्वराची नक्कल करणे हे या अभ्यासाचे उद्दिष्ट नाही. समोरच्याला आपले म्हणणे पहिल्याच वेळी कळावे, हे उद्दिष्ट आहे. एखादा ध्वनी थोडा वेगळा झाला तरी शब्द ओळखू येतो; आघात चुकीच्या जागी पडला तर मात्र ओळखीचा शब्दही अनोळखी होतो. म्हणून थोडाच वेळ हाताशी असेल, तर तो आघातावर खर्च करावा.

घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांना स्वतःला इंग्रजी येत नसले तरी या कामात त्यांची मदत मोलाची आहे. ठेका ओळखायला इंग्रजी यावी लागत नाही. जात्यावरच्या ओवीचा आणि भजनाच्या टाळाचा कान ज्यांना आहे, त्यांना कोणत्या ठोक्यावर वजन पडले हे सहज ऐकू येते. रोज पाच शब्द पुरेत, आणि क्रम असा ठेवावा :

पहिले, मुलाने शब्द मोठ्याने म्हणावा आणि आपण टाळ्या मोजाव्यात.
दुसरे, शब्दाचा शेवटचा तुकडा कोणता ते मुलाने सांगावे.
तिसरे, त्या तुकड्यावरून आघाताची जागा ठरवून तेथे मोठी टाळी द्यावी.
चौथे, उरलेले तुकडे सुटे करून त्यांचा अर्थ मराठीत सांगावा.
पाचवे, शब्दकोश उघडून पडताळा पाहावा. उच्चार देणाऱ्या बहुतेक इंग्रजी कोशांत मुख्य आघाताच्या अवयवापूर्वी वर एक छोटी उभी रेघ असते आणि दुय्यम आघातापूर्वी ती रेघ खाली असते.

७. स्वाध्याय

पुढील नामांचे अवयव मोजा, शेवटचा तुकडा ओळखा आणि आघात ठरवा : पॉसिबिलिटी, इलेक्ट्रिसिटी, एक्झामिनेशन, नेबरहुड, प्रनन्सिएशन, बायॉलॉजी, नॅशनॅलिटी, लीडरशिप.

उत्तरे : पॉ-सि-'बि'-लि-टी, पाच अवयव. इ-लेक-'ट्रि'-सि-टी, पाच, 'इलेक्ट्रिक'मधील 'क' येथे 'स' होतो. इग-झॅ-मि-'ने'-शन, पाच. 'ने'-बर-हुड, तीन. प्र-नन-सि-'ए'-शन, पाच, क्रियापदात 'नाउन्स' असले तरी नामात ते 'नन' होते आणि स्पेलिंगही बदलते. बाय-'ऑ'-ल-जी, चार. नॅ-श-'नॅ'-लि-टी, पाच. 'ली'-डर-शिप, तीन.

हे आठ शब्द जमले, तर संविधानाच्या उद्देशिकेचा इंग्रजी पाठ काढावा आणि तो घरात सर्वांसमोर सावकाश, न गिळता वाचावा. समानता, बंधुता आणि प्रतिष्ठा या अर्थाची नामे त्यात येतील, तेव्हा प्रत्येक आघात आपल्या जागी पडू द्यावा. ती नामे आपल्यासाठीच लिहिली गेली आहेत; ती उच्चारताना कोणाचाही आवाज खाली जाण्याचे कारण नाही.